मिद्हत पाशा : एका वालीचे चरित्र

प्रस्तावना

‘त्याला कोणी वाली उरला नाही’ असे आपण मराठीत सहज म्हणतो. यातील ‘वाली’ हा शब्द मूळचा अरबी. तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि रक्षणकर्ता, पाठीराखा या अर्थाने रुळला. ऑटोमन तुर्कांच्या राज्यकारभारात मात्र याच शब्दाला पदनामाचा अर्थ होता. प्रांताचा राज्यपाल तो वाली, आणि त्याचा प्रांत ती विलायत. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून निघालेले आहेत. आपल्याकडे ‘विलायत’ आधी सरहद्दीपलीकडचा मुलूख झाली आणि पुढे इंग्लंडपुरतीच उरली. शब्दांचे प्रवास असे वळणावळणाचे असतात. प्रस्तुत घटकात आपण ज्या व्यक्तीचे चरित्र वाचणार आहोत, तिने ‘वाली’ या शब्दाचे दोन्ही अर्थ अनुभवले.

मिद्हत पाशा (१८२२–१८८४) हे एकोणिसाव्या शतकातील ऑटोमन साम्राज्याचे सर्वांत नामांकित प्रांताधिपती होत. ते दोनदा वजीर-ए-आझम, म्हणजे प्रधानमंत्री झाले आणि साम्राज्याची पहिली राज्यघटना त्यांच्याच प्रयत्नांतून अवतरली. त्यांचा मृत्यू मात्र अरबस्तानातील एका तुरुंगात, गळा आवळला जाऊन झाला. हे चरित्र वाचताना एक प्रश्न मनात जागा ठेवावा. प्रांताचा कारभार उत्तम चालवून मोडकळीला आलेले साम्राज्य सावरता येते का? मिद्हत पाशांचा आयुष्यभर यावर विश्वास होता. तो कोठे खरा ठरला आणि कोठे अपुरा पडला, हे पाहण्यासारखे आहे.

जडणघडण

त्यांचा जन्म इस्तंबूल येथे १८२२ मध्ये झाला. मूळ नाव अहमद शफीक. वडील न्यायखात्यात लहानमोठ्या नेमणुकांवर फिरणारे होते आणि त्यांचे घराणे डॅन्यूब नदीकाठच्या रुसचुक या गावचे. पुढे याच गावी मुलगा वाली म्हणून जाणार होता. लहानपणीच त्यांनी कुराण मुखोद्गत केले. किशोरवयात ते दरबारच्या दप्तरखान्यात कारकून म्हणून दाखल झाले आणि तेथील प्रथेप्रमाणे त्यांना ‘मिद्हत’ हे नाव मिळाले. त्याचा अर्थ स्तुती. पुढील वर्षे त्यांनी दमास्कस, कोन्या अशा ठिकाणी दुय्यम अधिकाऱ्याच्या कामात घालवली. कागदावरील हुकूम आणि गावातील वस्तुस्थिती यांतील अंतर त्यांना या काळात नीट कळले असावे. पुढील आयुष्यात त्यांचा कागदापेक्षा प्रत्यक्ष पाहणीवर अधिक भरवसा दिसतो, त्याचे मूळ येथे आहे.

या काळात साम्राज्यात ‘तंझिमात’ नावाचे सुधारणापर्व चालू होते. १८३९ आणि १८५६ च्या फर्मानांनी सर्व धर्मांच्या प्रजेला समान वागणूक देण्याची घोषणा केली होती. तुर्क, अरब, ग्रीक, बल्गेरियन, सर्ब, आर्मेनियन, कुर्द, अल्बेनियन, ज्यू अशा अनेक समाजांचे हे साम्राज्य. त्यातील ख्रिस्ती प्रजेला रशिया आपल्याकडे ओढत होता. घोषणा पुष्कळ झाल्या, पण त्या गावापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा नव्हती. १८५८ मध्ये मिद्हत यांनी रजा घेऊन लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, ब्रुसेल्स अशी शहरे पाहिली. वयाच्या पस्तिशीत त्यांनी फ्रेंच भाषा शिकण्यास आरंभ केला होता. (दूरशिक्षणाच्या आपल्या विद्यार्थ्यांना हा तपशील आवडेल.)

डॅन्यूब विलायत

१८६१ मध्ये त्यांना पाशा हा किताब आणि निश या प्रांताचा कारभार मिळाला. निश हा सर्बियाच्या सीमेवरचा अशांत मुलूख. वाटमारी, थकलेला शेतसारा, शेतकऱ्यांचे देशांतर अशी तेथील अवस्था होती. मिद्हत पाशांनी गावोगावच्या पुढाऱ्यांना, मुसलमानांना तसेच ख्रिस्त्यांनाही, बोलावून त्यांची गाऱ्हाणी ऐकली. त्यानंतर त्यांनी रस्त्यांची कामे हाती घेतली. रस्ता झाला की माल बाजारात जातो, सारा वसूल होतो आणि दरोडेखोरांना लपणे अवघड होते, असा त्यांचा हिशेब होता.

निशचा प्रयोग इस्तंबूलमधील दोन मुत्सद्द्यांच्या नजरेत भरला. ते म्हणजे आली पाशा आणि फुआद पाशा. त्यांनी मिद्हत पाशांना सल्लामसलतीसाठी बोलावून घेतले आणि १८६४ मध्ये विलायतींचा नवा कायदा आणला. या कायद्याने साम्राज्याच्या कारभाराची उतरंड ठरवून दिली. विलायतीवर वाली, तिच्याखालील संजाक या विभागावर मुतसर्रिफ, त्याखाली काझा आणि तिच्यावर कायमकाम, आणि गावावर मुहतार. शब्दांकडे लक्ष दिल्यास ही मंडळी आपल्या ओळखीची निघतात. ‘कायमकाम’मध्ये आपले ‘कायम’ आणि ‘मुकाम’ आहेत, आणि ‘मुहतार’ म्हणजे आपला ‘मुखत्यार’. प्रत्येक पातळीवर मंडळे असत आणि त्यांत निवडून आलेल्या मुसलमान व बिगर-मुसलमान सभासदांना समान जागा असत.

या कायद्याचा पहिला प्रयोग म्हणून निश, विदिन आणि सिलिस्त्रा हे जुने प्रांत एकत्र करून डॅन्यूब विलायत निर्माण करण्यात आली. तुर्कीत तिचे नाव तुना. राजधानी रुसचुक, आजच्या बल्गेरियातील रुसे. तिचा वाली म्हणून मिद्हत पाशा १८६४ ते १८६८ असे जेमतेम चार वर्षे राहिले. एवढ्या अवधीत सुमारे ३,००० किलोमीटर रस्ते आणि सुमारे १,४०० लहानमोठे पूल बांधले गेले. नदीवर प्रांताच्या मालकीच्या आगबोटी फिरू लागल्या. ‘इस्लाहहाने’ नावाच्या शाळा उघडल्या गेल्या. ‘इस्लाह’ म्हणजे सुधारणा. या शाळांत अनाथ मुलांना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, शिवणकाम, जोडेकाम, छपाई असे धंदे शिकवले जात.

या साऱ्यांत शेतीपेढीचा उपक्रम मला विशेष विचारात घेण्याजोगा वाटतो. शेतकरी सावकाराच्या व्याजात बुडालेला होता. मिद्हत पाशांनी १८६३ मध्ये पिरोत या गावी ‘मेमलेकेत सांदिगी’ सुरू केली. यातील ‘सांदिक’ म्हणजे आपली संदूक. म्हणजेच मुलुखाची पेटी. पेटीत भांडवल कोठून येणार? गावकऱ्यांनी सार्वजनिक जमीन मिळून कसायची आणि पीक विकून आलेला पैसा पेटीत टाकायचा. त्यातून गरजूंना दरमहा एक टक्का व्याजाने कर्ज द्यायचे. पेटीचा कारभार गावकऱ्यांनी निवडलेल्या मुसलमान व ख्रिस्ती प्रतिनिधींनी पाहायचा. सरकारी तिजोरी रिकामी असताना भांडवल उभे करण्याची ही युक्ती होती. या पेट्यांतूनच पुढे, १८८८ मध्ये, तुर्कस्तानची कृषी बँक साकारली आणि ती आजही चालू आहे.

रुसचुक येथे छापखाना निघाला आणि १८६५ मध्ये ‘तुना’ हे वृत्तपत्र सुरू झाले. ते तुर्की आणि बल्गेरियन अशा दोन भाषांत छापले जाई. एकच हुकूम, एकच बातमी दोन लिप्यांत छापलेली पाहणे हा तेथील प्रजेला नवा अनुभव होता. या पत्रात काम करणाऱ्या एका तरुणाला पाशांनी आपले नाव दिले. तो तरुण म्हणजे पुढे तुर्कीतील अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार झालेले अहमद मिद्हत.

तथापि भाषेचा प्रश्न वृत्तपत्राने सुटणारा नव्हता. मुसलमान आणि बल्गेरियन मुलांनी एकाच शाळेत शिकावे, अशी पाशांची योजना होती. हेतू एकीचा होता. पण बल्गेरियन समाज त्या वेळी स्वतःच्या भाषेतील शाळा आणि स्वतंत्र धर्मपीठ यांसाठी झगडत होता. एकत्र शाळेत आपली भाषा मागे पडेल, अशी त्यांना भीती वाटली आणि त्यांनी विरोध केला. भाषेचा अभ्यासक म्हणून मला येथे पाशांची दृष्टी तोकडी पडलेली दिसते. रस्ता, पूल आणि स्वस्त कर्ज मिळाले की माणूस समाधानी होतो, हे त्यांचे गृहीतक होते. शाळेतून बाहेर पडणाऱ्या बल्गेरियन तरुणाला मात्र यापलीकडचेही काही हवे होते.

१८६७ मध्ये बल्गेरियन बंडखोरांच्या सशस्त्र टोळ्या डॅन्यूब ओलांडून आल्या, तेव्हा पाशांचे दुसरे रूप दिसले. पकडलेल्यांवर झटपट खटले चालले आणि अनेकांना फाशी देण्यात आले. त्याच वर्षी रुसचुकच्या धक्क्याला लागलेल्या ऑस्ट्रियन आगबोटीवर त्यांच्या माणसांनी चढाई केली आणि दोन संशयित प्रवासी चकमकीत प्राणांस मुकले. युरोपात त्यावरून ओरड झाली. रशियाचे राजदूत इग्नातियेव आधीपासूनच त्यांच्या विरोधात होते. सुखी बल्गेरिया रशियाला सोयीचा नव्हता. पाशांचे चरित्र लिहिणारे अनेकजण या फाशींवरून घाईने पुढे जातात. आपण तसे करू नये. निवडून आलेली मंडळे आणि रातोरात उभे राहिलेले फाशीचे खांब ही दोन्ही एकाच कारभाराची अंगे होती.

बगदाद

१८६८ मध्ये त्यांना राजधानीत नव्या राज्यपरिषदेचे अध्यक्षपद मिळाले. आली पाशांशी त्यांचे जमेना, आणि १८६९ मध्ये त्यांची रवानगी बगदादला झाली. साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला केलेली ही नेमणूक म्हणजे सन्मानाची शिक्षाच म्हणावी लागेल.

बगदादमध्ये त्यांनी डॅन्यूबचाच आराखडा मांडला. छापखाना आला आणि ‘झेवरा’ हे तुर्की व अरबी वृत्तपत्र निघाले. शाळा, धंदेशिक्षण, रुग्णालय यांची कामे सुरू झाली. बगदाद ते काझिमिया या यात्रेच्या ठिकाणापर्यंत घोड्यांची ट्राम निघाली आणि तिच्यासाठी लोकांकडून भागभांडवल उभारण्यात आले. जुना तट पाडून शहर मोकळे करण्यात आले. या काळात त्यांच्या हाताखाली काम केलेले ओस्मान हमदी पुढे प्रसिद्ध चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ झाले. माणसे हेरण्याची पाशांची नजर चांगली होती.

येथील शेतीचा प्रश्न मात्र वेगळा होता. इराकमधील जमीन टोळ्यांच्या सामाईक वहिवाटीत होती. पाशांनी १८५८ च्या जमीन कायद्यानुसार ‘तापू’ ही नोंदणी सुरू केली. कसणाऱ्याच्या नावे जमीन लागावी, म्हणजे टोळ्या स्थिरावतील आणि महसूल वाढेल, असा हेतू होता. प्रत्यक्षात नोंद म्हणजे कर आणि सक्तीची सैन्यभरती, अशा धास्तीने सामान्य टोळीवाला दूर राहिला आणि जमिनी शेखांच्या व शहरी धनिकांच्या नावे चढल्या. कालपर्यंत टोळीचा बरोबरीचा सभासद असलेला माणूस कूळ बनला. या विषमतेचे परिणाम इराकने विसाव्या शतकातही भोगले. डॅन्यूबकाठी लाभलेली पद्धत तैग्रिसकाठी उलटली, कारण तेथील गाव आणि येथील टोळी या मुळातच भिन्न संस्था होत्या.

१८७१ मध्ये पाशांनी आखातमार्गे सैन्य पाठवून अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरील अल-हसा हा प्रदेश ताब्यात घेतला. सौदी घराण्यातील भाऊबंदकीचा त्यांनी फायदा घेतला आणि कुवेतच्या शेखाचे साहाय्य मिळवले. या मोहिमेने इंग्रज अस्वस्थ झाले. त्या वेळी आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सी मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती. त्यामुळे बगदादच्या या वालीच्या हालचालींची दखल आपल्या मुंबईच्या दप्तरातही घेतली जात होती.

फुआद पाशा १८६९ मध्ये आणि आली पाशा १८७१ मध्ये निवर्तले. मतभेद असले तरी मिद्हत पाशांच्या कामाचे मोल जाणणारी ही माणसे होती. त्यांच्यानंतर आलेल्या प्रधानांनी बगदादच्या उत्पन्नावरच हात टाकण्यास सुरुवात केली, तेव्हा पाशांनी १८७२ मध्ये राजीनामा दिला. पराक्रमी वालीलाही राजधानीत कोणी वाली असावा लागतो, हे येथून स्पष्ट होत जाते.

राजधानी आणि राज्यघटना

त्याच वर्षी सुलतान अब्दुल अझीझ यांनी त्यांना प्रधानमंत्री नेमले आणि तीन महिने पूर्ण होण्याआधीच दूर केले. दरबाराच्या खर्चाला हिशेब मागणारा प्रधान सुलतानांना सोसला नाही. १८७५ मध्ये साम्राज्याने कर्जफेडीबाबत हात वर केले. हर्झेगोविना पेटले, १८७६ च्या वसंतात बल्गेरियात उठाव झाला आणि तो अत्यंत क्रूरपणे दडपला गेला. ज्या मुलखात पाशांनी पूल बांधले, तेथेच हे घडले.

३० मे १८७६ रोजी मिद्हत पाशा, सेनामंत्री हुसेन अवनी पाशा आणि त्यांचे सहकारी यांनी अब्दुल अझीझ यांना पदच्युत केले. चार-पाच दिवसांत पदच्युत सुलतान मनगटांच्या शिरा कापलेल्या अवस्थेत मृत आढळले. एकोणीस डॉक्टरांनी तपासणी करून ही आत्महत्या असल्याचा निर्वाळा दिला. गादीवर बसवलेले पाचवे मुराद मनाने खचले आणि तीन महिन्यांत त्यांनाही बाजूला करावे लागले. ३१ ऑगस्टला दुसरे अब्दुल हमीद सुलतान झाले. राज्यघटना देईन, असे त्यांनी गादीवर येण्यापूर्वी मिद्हत पाशांना सांगितले होते.

घटनेचा मसुदा समितीत फिरू लागला. सुलतानांच्या बाजूने त्यात ११३ वे कलम घालण्यात आले. राज्याच्या सुरक्षिततेला ज्याच्यापासून धोका आहे असे पोलिसांच्या चौकशीत दिसेल, त्याला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार या कलमाने एकट्या सुलतानाला दिला. कवी नामिक कमाल आणि झिया पाशा यांनी याला कडाडून विरोध केला. असे कलम असल्यास घटनेला अर्थ राहत नाही, ही त्यांची भूमिका होती. मिद्हत पाशांनी मात्र कलम मान्य केले. इस्तंबूलमध्ये युरोपीय सत्तांची परिषद भरणार होती. साम्राज्याने स्वतःहून सुधारणा केल्या आहेत असे दाखवून परकी हस्तक्षेप टाळावा, यासाठी घटना तत्काळ जाहीर होणे त्यांना आवश्यक वाटत होते.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा : आपण त्यांच्या जागी असतो, तर काय केले असते? अपुरी घटना आज घेतली असती, की निर्दोष घटनेसाठी उद्याची वाट पाहिली असती? माझ्या मते त्यांचा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु आयुष्यभर वाली म्हणून स्वतः व्यापक अधिकार वापरलेल्या माणसाला अमर्याद अधिकाराचा धोका पुरेसा जाणवला नसावा, असेही वाटते.

१९ डिसेंबर १८७६ रोजी ते दुसऱ्यांदा प्रधानमंत्री झाले आणि २३ डिसेंबरला ११९ कलमांची घटना जाहीर झाली. त्याच दिवशी परिषदेचे उद्घाटन होते. सभागृहात युरोपचे प्रतिनिधी बसलेले असताना बाहेर तोफांची सलामी झडली आणि घटना लागू झाल्याचे त्यांना सांगण्यात आले. त्या प्रतिनिधींत इंग्लंडचे लॉर्ड सॅलिसबरी होते. ते त्या वेळी भारतमंत्रीही होते. कोणावरही फारसा परिणाम झाला नाही. घटनेने सर्व प्रजाजनांना धर्मनिरपेक्षपणे ‘ऑटोमन’ म्हटले आणि सरकारी नोकरीसाठी तुर्की भाषेचे ज्ञान आवश्यक ठरवले. एका हाताने समता देताना दुसऱ्या हाताने भाषेची अट घालण्यात आली होती.

५ फेब्रुवारी १८७७ रोजी मिद्हत पाशांना राजवाड्यात बोलावून पदमुक्त करण्यात आले आणि सरकारी जहाजावर चढवून इटलीच्या ब्रिंदिसी बंदराकडे रवाना करण्यात आले. आधार होता कलम ११३. मार्चमध्ये पहिली संसद भरली, तेव्हा तिचे जनक परदेशात होते. एप्रिलमध्ये रशियाने युद्ध पुकारले. पुढील वर्षी संसद विसर्जित झाली ती तीस वर्षांसाठी. बर्लिनच्या तहाने (१८७८) रुसचुक नव्या बल्गेरियात गेले आणि निश सर्बियाला मिळाले.

अखेरचे पर्व

इंग्लंडच्या आग्रहामुळे त्यांना परत येण्याची मुभा मिळाली आणि १८७८ च्या अखेरीस सीरियाच्या वालीपदी नेमणूक झाली. दमास्कसमध्ये त्यांनी शाळा काढवल्या, बाजाराचा रस्ता रुंद केला, हस्तलिखितांचे सार्वजनिक ग्रंथालय सुरू करण्यास पाठबळ दिले. तेथील एक बाजार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण आता प्रत्येक कामासाठी राजवाड्याची परवानगी लागे आणि त्यांच्याभोवती हेर असत. १८८० मध्ये त्यांची इझमीरला बदली झाली.

मे १८८१ मध्ये अटक करण्यास सैनिक आले, तेव्हा पाशांनी रात्री फ्रेंच वकिलातीत आश्रय घेतला. वकिलातीने पाठीशी उभे राहण्याचे नाकारले आणि ते स्वाधीन झाले. अब्दुल अझीझ यांचा खून केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. यिल्दिझ राजवाड्याच्या आवारात तंबू ठोकून खटला चालवण्यात आला; तीन दिवसांत साक्षीपुरावा आटोपला. नोकरचाकरांचे कबुलीजबाब हा मुख्य पुरावा होता. बहुतेक इतिहासकारांना तो विश्वासार्ह वाटत नाही. फाशीची शिक्षा झाली. युरोपातून दडपण आल्यावर ती जन्मठेपेत बदलून पाशांना मक्केजवळील ताइफच्या किल्ल्यात पाठवण्यात आले.

तेथे त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. मे १८८४ मध्ये एका रात्री सैनिकांनी कोठडीत शिरून त्यांचा गळा आवळला. अधिकृत नोंदीत आजाराने मृत्यू असे दाखवण्यात आले. १९०८ मध्ये घटना पुन्हा लागू झाली आणि पुढच्याच वर्षी अब्दुल हमीद पदच्युत झाले. मुलगा अली हैदर याने वडिलांच्या आठवणी त्यानंतर तुर्कीत प्रसिद्ध केल्या. ताइफ पुढे सौदी राज्यात गेले. १९५१ मध्ये मिद्हत पाशांच्या अस्थी तेथून इस्तंबूलला आणण्यात आल्या आणि घटनेच्या रक्षणासाठी १९०९ मध्ये मरण पावलेल्या सैनिकांचे स्मारक जेथे आहे, त्या टेकडीवर त्यांचे दफन करण्यात आले.